बिजेची गुढी

"पाव्हणं, पोरीला कवा धाडताय?" रामभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं.

अण्णांनी कानामागं हात धरला आणि मान पुढं केली. "आँ?"

गिरणीचा पट्टा फटफटत होता. जोंधळ्याचं पीठ डब्यात भसाभसा पडत होतं. रामभाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, स्वच्छ धोतर-टोपी घालून आले होते. अण्णांनी त्यांना घरात न नेता गिरणीतच पोत्यावर बसवलं होतं. तिथं बसलेल्या माणसाची पाच मिनिटांत काय अवस्था होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रामभाऊंच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि मिशांवर पीठ साठत होतं.

"म्हटलं, बाळंत झाली, सव्वा म्हयना सरला, की न्यायला येतो!" रामभाऊ ओरडले.

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले. "औंदा जोंधळा बरा हाय."

दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रामभाऊंनी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि शेवटी धोतर झटकत उठले. जाताना मागच्या दारात उभ्या असलेल्या मला म्हणाले, "तुझ्या बापाला कुणी डाक्टरला तरी दाखवा गं."

बायकांसारखं मलाही हसता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

आज ही गिरणी मी चालवते आणि माझ्याही भुवया बारा महिने पांढऱ्या असतात. त्यात पिठाच्या किती आणि वयाच्या किती, हे सांगणं आता अवघड आहे. पण त्या वर्षी मी विशीतली होते, पोटुशी होते, आणि विट्याच्या पलीकडच्या आमच्या गावात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. निदान गाव तरी तसंच समजत होतं. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. उलट बायका मुद्दाम वाकडी वाट करून बघायला यायच्या, डोहाळे विचारायच्या, पोट बघून मुलगा की मुलगी ते सांगायच्या. मी हसून उत्तरं द्यायची.

खरं असं होतं की मी बाळंतपणाला आलेच नव्हते. मी निघून आले होते. माझा नवरा विलास साखर कारखान्यात होता. दिसायला चांगला, चारचौघांत बोलायला गोड. घरात त्याचा हात उठायचा. पहिल्या वर्षी मी ते कुणाला सांगितलं नाही, दुसऱ्या वर्षी सासूला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की पोर झालं की निवळेल. पोर पोटात असताना एकदा त्यानं चुलीतलं जळतं लाकूड उचललं. मी पोटावर दोन्ही हात धरून भिंतीला चिकटून उभी राहिले. लाकूड त्यानं परत चुलीत टाकलं, पण माझ्या मनातलं त्या घरात राहणं तिथंच संपलं. सासूनं ओटी भरून, डोळ्यांत पाणी आणून मला एस.टी.त बसवलं, तेव्हा मला एकटीलाच ठाऊक होतं की ही गाडी मला परत आणणार नाही.

आईला मी आल्या दिवशीच सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा, पण ती भाकरी वाकडी झाली.

"अण्णांना तू सांग," मी म्हणाले.

"मी न्हाई बाई. मी सांगितलेलं त्यांच्या कानात शिरत न्हाई. तुझं तू सांग."

अण्णांचं बहिरेपण हा आमच्या घरातला जुना वाद होता. गिरणीच्या आवाजानं कान गेले असं ते स्वतः म्हणायचे. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्ती, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडं आली होती आणि घरात तिचा शब्द चालायचा. तिचं म्हणणं वेगळं होतं. "आनंदाला सगळं ऐकू येतंय. त्याला पायजे तेवढंच तो ऐकून घेतूया." कोण खरं हे मला कधी कळलं नव्हतं, आणि त्या दिवसांत ते कळणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं झालं होतं. अण्णांनी रामभाऊंना मुद्दाम उत्तर दिलं नव्हतं, की त्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं? मुद्दाम दिलं नसेल तर मला जागा होती. ऐकूच आलं नसेल तर सव्वा महिन्यानं रामभाऊ पुन्हा येणार, अण्णा मला शालू नेसवून त्यांच्याबरोबर लावून देणार, आणि मी काय करणार?

रोज ठरवायची, आज सांगू. रोज अण्णा गिरणीतून यायचे, हातपाय धुवायचे आणि सरळ गोठ्यात जायचे.

गोठ्यात कवडी गाय होती. पांढरी, अंगावर करडे ठिपके, स्वभावानं गरीब. तीही गाभण होती. तिच्या माझ्या तारखा जवळपासच्या, त्यामुळं आत्तीला थट्टेला आयतं निमित्त मिळालं होतं. पण मला त्या थट्टेचं हसू यायचं नाही. कारण माझा बाप रोज संध्याकाळी गाईच्या पोटावरून हात फिरवायचा, तिच्या कासेकडं कंदील धरून बघायचा, तिला पेंड आणि गूळ स्वतः चारायचा. माझ्याकडं बघून मात्र तो फक्त "जेवलीस का?" विचारायचा. हो म्हटलं की संपलं.

"आत्ती," मी एकदा चिडून म्हणाले, "मी पण चार पायांवर चालू का? म्हणजे अण्णा माझी पण चौकशी करतील."

"चौकशी करून तुझा बाप काय करणार? तुला पेंड घालणार?" आत्ती म्हणाली. "गाय तोंड उघडून बोलत न्हाई म्हणून तिचं बरं असतंय. तुझ्याशी बोलायचं म्हंजी त्येला बोलाय लागंल."

फाल्गुन संपत आला तशी गावात पाडव्याची गडबड सुरू झाली. कुणी नवे बांबू आणले, कुणी घरं सारवली. दुकानात साखरेच्या माळा लटकल्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी नवं काहीतरी सुरू करायचं म्हणून कुणी शिलाई मशीन आणून झाकून ठेवलं होतं, कुणी बैल घेतला होता. आमच्या घरात कशाचीच हालचाल नव्हती. आमच्या घराला पाडवा नव्हता.

मी तिसरीत असताना माझा थोरला भाऊ दिनू पाडव्याच्या सकाळी गेला. पायात खिळा गेला होता, कुणी फार मनावर घेतलं नाही, आणि मग धनुर्वात झाला. चुणचुणीत होता दिनू. गिरणीचा पट्टा निसटला तर अण्णांच्या आधी धावायचा. त्याच्या डोक्यात इंजिनाशिवाय दुसरं काही नसायचं. मला तो खांद्यावर घेऊन ओढ्याच्या पलीकडं चिंचा पाडायला न्यायचा आणि घरी आल्यावर मीच हट्ट केला म्हणून सांगायचा. आजही चिंचेखालून गेले की मला त्याच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास येतो. ज्या सणाला घरातलं माणूस जातं, तो सण त्या घराचा बंद होतो. आमच्याकडं तेव्हापासून पाडव्याला गुढी नाही, पुरण नाही, नवं कापड नाही. लहानपणी मी उंबऱ्यावर बसून गल्लीतल्या सगळ्यांच्या गुढ्या बघायची. कुणाची साडी हिरवी, कुणाचा खण जांभळा. आई आतून हाक मारायची, पण मी उठत नसे.

अण्णांनी तर फक्त पाडवाच नाही, काही नवं सुरू करणंच सोडून दिलं होतं. सगळ्या गिरण्यांना विजेच्या मोटारी आल्या, आमचं डिझेल इंजिन तसंच. दाराला रंग नाही, परड्यात नवं झाड नाही. "चाललंय की," एवढंच त्यांचं उत्तर असायचं. मला वाटायचं दिनूबरोबर माझा बापही अर्धा गेला. आणि अशा माणसाकडं मी माझं नवं आयुष्य मागायला आले होते.

पाडव्याला दोन दिवस असताना दुपारी आत्तीनं परड्यातून आरोळी ठोकली. "आनंदा! कवडी बसलीया!"

आणि गंमत बघा, गिरणी चालू असताना, मध्ये दोन भिंती असताना, अण्णांना ती हाक ऐकू गेली. इंजिन बंद झालं. अण्णा पिठानं माखलेलेच धावत आले. मला बाजूला व्हायला सांगितलं गेलं, पण मी दारात खुर्ची टाकून बसले. कवडीचा श्वास मोठमोठ्यानं येत होता. माझ्या पोटातलं पोर तिच्या प्रत्येक कळेला लाथ मारत होतं असं मला वाटत होतं. आधी पुढचे खूर दिसले, मग नाक. अण्णांनी हळूच धरलं, ओढलं नाही, फक्त धरून राहिले. कवडीनं एक मोठी कळ दिली आणि वासरू गवतावर घसरलं.

"कालवड!" आत्ती आनंदली. "कालवड झाली बघ आनंदा! आईसारखी ठिपक्यांची!"

कवडी चाटायला लागली. वासरू थरथरत होतं, उठायला बघत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं. इतकं गोजिरं होतं की माझे डोळे भरून आले. मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं आता तरी हसतील. त्यांनी वासराचं तोंड पुसलं, त्याला कासेला लावलं, कवडीच्या पाठीवर थोपटलं. सगळं नीट केलं. मग हात धुतले आणि माझ्याकडं, आत्तीकडं न बघता गिरणीत निघून गेले. थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं.

आवाज ऐकून मी चमकले. दळण नसताना गिरणी फिरवली तर दगड दगडाला खातो, हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. रिकामी गिरणी फिरवल्याबद्दल दिनूला त्यांनी एकदा मारलंही होतं. आणि आता तो आवाज रिकाम्या गिरणीचाच होता, कोरडा, दात खाल्ल्यासारखा.

"आई," मी घरात येऊन म्हणाले, "अण्णांना झालंय काय? गाय सुखरूप व्यायली, कालवड झाली. तोंड असं का?"

आई खरवसासाठी चीक गाळत होती. तिनं फडकं पिळलं, बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर खाली बसली.

"दोन दिस चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"बंद पडलेला सण परत कसा येतोय ठाऊक हाय न्हवं तुला?"

मला ठाऊक होतं. आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक असतं. ज्या सणाला माणूस गेलं, त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं किंवा दावणीला वासरू जन्मलं, तर सण परत सुरू होतो. पण ते कुणाच्या हातात थोडंच असतं, म्हणून कुणी त्याची वाट बघत नाही.

"तुझा बाप बघतोय वाट," आई म्हणाली. "गाय नऊ म्हयनं नऊ दिसांची. वटपुनवंच्या आगंमागं फळवली तर पाडव्याच्या आसपास येती. दिनू गेला त्याच्या दुसऱ्या साली कवडीची आई आणली, तवापासनं चाललंय ह्ये. गाय आधी माजावर आली तरी वळूकडं न्हेत न्हाईत. वाट बघत्यात. शेजारी हसत्यात, आनंदाला गाईचं काय कळत न्हाई म्हंत्यात. एका साली चार दिस चुकलं. एकदा आठवडा. एकदा धोंड्याचा म्हयना आला त्ये ध्यानातच न्हाई ऱ्हायलं, आन गाय म्हयनाभर आधी व्यायली. तवा तर धड जेवलं न्हाईत." ती थोडं हसली आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "मला एका शब्दानं कधी बोललं न्हाईत. मला काय कळत न्हाई व्हय? मी बी त्यांच्यासंगं मोजतीयाच की."

ज्या माणसाला मी अर्धा मेलेला समजत होते, तो इतकी वर्षं दर पावसाळ्याच्या तोंडाला नव्यानं डाव मांडत होता. हरत होता आणि पुन्हा मांडत होता, कुणाला न सांगता, हसणाऱ्यांना हसू देऊन. गोठ्यात कंदील धरून तो गाईची कास बघत नव्हता. तो आमच्या उंबऱ्यावर गुढी बघत होता. बाहेर गिरणी कोरडी फिरत होती आणि मला त्या आवाजाचं रडू येत होतं.

माझा हात आपोआप पोटावर गेला. "आई, माझंही चैत्रातलंच आहे. परवा जर..."

"त्ये न्हाई चालत," आत्ती दारातूनच मला म्हणाली. ती कवडीला वैरण टाकून आली होती. "लेकीचं लेकरू धरत न्हाईत, शालन. त्ये दुसऱ्या घरचं. नाव त्यांचं, कूळ त्यांचं. ज्या घरचा सण, त्याच घरच्या लेकरानं सुटतोय."

ती वाईट मनानं बोलली नव्हती. रीत होती ती सांगत होती. पण मला ते फार लागलं. माझ्या पोटातलं लेकरू दुसऱ्या घरचं होतं, आणि ते दुसरं घर मी सोडून आले होते. मग त्याचं घर कुठलं?

पाडव्याच्या दुपारी मी मनाचा हिय्या केला. गल्ली गजबजली होती, दारोदार गुढ्या उभ्या होत्या. गिरणी बंद असल्यानं अण्णा दगडाला टाकी लावत बसले होते. छिन्नी आणि हातोडी घेऊन दगडाच्या खाचा ताज्या करत होते, ठकठक, एका लयीत. आदल्या दोन दिवसांत रिकामी गिरणी फिरवून त्यांनीच तो दगड गुळगुळीत करून ठेवला होता, त्यामुळं काम पुष्कळ होतं.

मी समोर पोत्यावर बसले. "अण्णा, मला बोलायचंय."

ठक, ठक.

"मी परत जाणार नाही तिकडं. ते मारतात. मी सहन करायचं तेवढं केलं. आता लेकरू घेऊन त्या घरात मला पाऊल टाकायचं नाही. मी इथं राहीन. गिरणीत काम करीन. तुमच्यावर भार होणार नाही." एवढं बोलायला मला किती दम लागला ते माझं मलाच माहीत. "रामभाऊ आले तर तुम्ही मला पाठवू नका. एवढंच."

ठक, ठक. हातोडी थांबली नाही. त्यांनी मान वर केली नाही. दगडावरची भुकटी फुंकली, बोटानं खाच चाचपून बघितली.

"अण्णा, ऐकलंत का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते. ते भुकटीनं की कशानं, मला सांगता येत नाही.

"खरवस खाल्लास का?" त्यांनी विचारलं.

मी उठले. मला भयंकर राग आला होता. आणि त्या रागातच, मागच्या दाराचा उंबरा ओलांडताना, मला पहिली कळ आली.

मग सगळी धावपळ. आत्तीनं खोली तयार केली, आईनं पाणी ठेवलं, नर्सबाई सायकलवरून आली. मी बाजेवर पडून खिडकीतून गल्लीतल्या गुढ्यांकडं बघत होते. माझं वेडं मन हिशेब करत होतं, अजून दिवस आहे, अजून ऊन आहे. चालत नसलं तरी चालवून घेतील. कदाचित. पण पहिलटकरणीचं बाळ काही घाई करत नाही. ऊन तांबडं झालं. माणसं हळदीकुंकू घेऊन बाहेर आली, सूर्य मावळायच्या आत एकेक गुढी खाली उतरली. समोरच्यांची हिरवी साडी उतरली, तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं. बाहेर अंगणात अण्णा येरझाऱ्या घालत होते, ते थांबले. तेही बघत असणार.

ती रात्र मी सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी, चांगलं कोवळं ऊन पडल्यावर, माझी लेक जन्मली. रडली ती अशी की नर्सबाई म्हणाली, ही गिरणीवाल्याचीच नात, आवाजावर मात करायला आलीय.

"पोरगी हाय," आत्तीनं दारातून अण्णांना सांगितलं. "दोघी बी चांगल्या हायत." मग थोडं थांबून, मऊ आवाजात म्हणाली, "आज बीज लागली, आनंदा. एका दिसानं चुकली बघ. तशी बी ती धरली नसती."

अण्णांची पावलं लांब गेली. मी डोळे मिटले. बाळ माझ्या कुशीत होतं, ऊबदार, ओलसर, आणि मला तिची फार कीव आली. आल्या आल्या बिचारी कुणाच्यातरी हिशेबात चुकली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कशाचा तरी खडखडाट झाला. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज. मग आत्तीची किंचाळी.

"आरं ए आनंदा! खुळा झालास काय? काल झाला पाडवा! काल!"

मी कोपरावर उठले. खिडकीच्या गजांमधून लांबलचक हिरव्या बांबूचा शेंडा हलताना दिसला. अण्णा तो अंगणात उभा करायला बघत होते. दळणाचे डबे घेऊन गल्लीतल्या चार बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. पलीकडचा एक म्हातारा हसत ओरडला, "अण्णा, उठायला येळ झाला जणू!"

"तुमचा पाडवा काल झाला," अण्णा म्हणाले. गिरणीत बोलायची सवय असलेला त्यांचा तो आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता. "आमचा आज हाय."

"आसं कुठं आसतंय व्हय?" आत्ती कावली होती. "त्याच दिशी जन्मावं लागतंय! आन वासरू न्हाई, लेक न्हाई, लेकीचं लेकरू! त्ये परक्या घरचं!"

"आक्का, ती परक्या घरला जायची न्हाई."

बायकांनी डबे खाली ठेवले. मी खिडकीचा गज धरला.

"काल बोलली माझ्याजवळ. ती हितंच ऱ्हाणार हाय, ह्या घरात. मग लेकरू कुणाचं, सांग की तूच. ह्या घरात लेक हाय, लेकीला लेक झाली. घरात लेकरू जन्मलं. आन दिसाचं म्हंशील, तर दिस दिस करत मी लई वर्सं काढली. पोरगी आली त्या दिशी पाडवा. मी न्हाई थांबणार आता."

आत्तीच्या इतक्या वर्षांच्या रिती तिच्या घशात अडकल्या असाव्यात. मग तिचा तोच करवादलेला आवाज आला.

"मग त्या काठीला कडुलिंब तरी बांध की! नुसतीच उभी करतुयास, खांब हाय का त्यो? आन साडी कुठाय?"

साडी आईनं आणली. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली, कधी न नेसलेली जरीकाठी साडी. खिडकीखालून जाताना ती क्षणभर थांबली. आत माझ्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, आणि म्हणाली, "दिनूच्या लग्नात नेसाय म्हणून साठवली होती गं." एवढं बोलून ती पुढं गेली. मी बाळाच्या डोक्यावर तोंड टेकून ओक्साबोक्शी रडले. दुःखानं नव्हे, किंवा नुसत्या दुःखानं नव्हे. दिनू गेल्यापासून त्या घरात कुणी त्याचं नाव असं सहज घेतलं नव्हतं.

निऱ्या घालायचं अण्णा विसरले होते. आत्ती त्यांना ओरडत होती, हात लावणार नाही म्हणत होती, आणि शेवटी न राहवून तिनंच निऱ्या घातल्या. दळणाला आलेल्या बायकांपैकी एकीनं घरी धावत जाऊन कालची उरलेली साखरेची माळ आणली. तिच्या दोन चकत्या पोरांनी खाल्लेल्या होत्या. तीच घातली. वर तांब्या बसला आणि आमच्या अंगणात गुढी उभी राहिली. अख्ख्या गावात त्या दिवशी तेवढी एकच.

लोक हसायला आले आणि कुंकू लावून गेले. रामभाऊ पुढं ठरल्याप्रमाणे आले, तेव्हा कुणाशी तरी बोलण्यासाठी अण्णांनी गिरणी बंद केलेली मी पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली. तीनच वाक्यं बोलले आणि पुन्हा इंजिनाचं हँडल मारलं. त्याच वर्षी मी टाकी लावायला शिकले. पुढच्या वर्षी विजेची मोटर आली. आमच्याकडची गुढी आजही बिजेला असते. नवीन पाहुणे दरवेळी सांगतात की तुमचं एक दिवस चुकलंय, आणि माझी लेक त्यांना न चिडता खरवस खायला देते. दावणीला गाय असो नसो, त्या दिवशी तिला खरवस लागतोच.

पण मला त्या पहिल्या बिजेची संध्याकाळ आठवते. ऊन कलल्यावर आत्ती हळदकुंकवाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, चला, दिवस मावळायच्या आत उतरवली पाहिजे. अण्णा पायरीवर बसले होते. मी बाजेवरून त्यांना बघत होते. त्यांच्या भुवया त्या दिवशी काळ्या होत्या. दिवसभर गिरणीत गेलेच नव्हते ते. पश्चिमेकडं ऊन तांबडं झालं होतं, थोड्याच वेळात तिथं बिजेची बारीक कोर दिसणार होती. आई दाराशी उभी होती.

"आनंदा, उठ की," आत्ती म्हणाली. "रीत हाय ती. मावळायच्या आत उतरवायची."

अण्णा गुढीकडंच बघत होते.

"ऱ्हाऊ दे गं आक्का जराशी," ते म्हणाले. "लई वर्सांनी उभी ऱ्हायलीया."